मिरची तोडायला गेलेला भाऊ

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. खात्यातले इतर लोक आपल्या आठवणी सांगतात तेव्हा त्यात दरोडे असतात, पाठलाग असतात, एखादी धाडसी अटक असते. माझ्या या आठवणीत अटक आहे, पण धाडस नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो, यातच माझं सोनं झालं. लिहायची सवय पंचनामा आणि स्टेशन डायरीपुरती. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. नाव मी कोणाचंच घेणार नाही.

आधी माझं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं गाव गडचिरोली जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, जंगलात. तिकडे बंदूक घेऊन सरकारशी लढणाऱ्यांना लोक 'दादा' म्हणतात आणि त्यांच्या तुकडीला 'दलम'. माझा मोठा भाऊ त्यांच्याबरोबर गेला. तो गेला म्हणून घरची गुरं माझ्याकडे आली आणि माझी शाळा सुटली. आई गावात सगळ्यांना सांगायची, थोरला तेलंगणात मिरची तोडायला गेलाय. आमच्याकडून माणसं मिरचीच्या हंगामाला तिकडे जातातच, त्यामुळे कोणी उलट विचारत नसे. सगळ्यांना खरं माहीत होतं ते वेगळं. सांगून सांगून आईलाही ते खरं वाटायला लागलं असावं.

पुढे मी पोलिसात लागलो. आता एक मुलगा या बाजूला आणि एक त्या बाजूला, असं आमचं घर झालं. दादा लोक येऊन बापाला म्हणायचे, पोलिसाला घरी बोलव. पोलीस येऊन म्हणायचे, दादाला बोलव. ही गोष्ट एका मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "तू इथं राहिलास तर एक दिवस तुम्ही दोघे समोरासमोर याल. मी तुला नाशिकला पाठवतो. तिकडे भावाचं कोणाजवळ बोलू नकोस." त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. मी नाशिकला आलो, नांदगावच्या मुलीशी लग्न केलं, इथलाच झालो. बाप गेला तेव्हा गावाकडे जाणं शक्य नव्हतं. एक मुलगा जंगलात आणि एक नाशकात. माती चुलत्याने दिली.

तर, घटना. तेव्हा मी सिन्नरच्या बाजूला एका ठाण्यात हवालदार होतो. माझ्या गावाचं नाव कोणाला नीट घेता येत नसे, म्हणून ठाण्यात सगळे मला 'नागपूर' म्हणायचे. नागपूर माझ्या गावापासून किती लांब आहे हे सांगायचं मी केव्हाच सोडलं होतं.

सकाळची हजेरी झाली की चहा येई आणि चहाबरोबर गप्पा. आमच्यातला एक जमादार येवल्याकडचा, बोलण्यात मोठा गमत्या. त्याची एका खाजगी दवाखान्यातल्या कंपाउंडरशी बैठक होती. त्या दिवशी तो आला तोच हसत.

"आरं, नवी तऱ्हा ऐका," तो म्हणाला. "एक गडी दवाखान्यात आला, बायकोला घेऊन. म्हने नसबंदी झालीय, ती नस परत जोडून द्या. डॉक्टरनी इचारलं, पोरं किती? तर एक बी नाय. म्हंजे घर बांधायच्या आधीच कुलूप लावलं!"

सगळे हसले. साहेबही हसले. आमचे साहेब म्हणजे ठाण्याचे इन्चार्ज, वयाने तरुण, मनाने वाईट नाहीत. जमादाराने पुढचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं की ऑपरेशन कुठे झालं. माणूस म्हणाला, शिबिरात. कुठल्या गावच्या शिबिरात, असं विचारल्यावर तो उठला आणि पायात चप्पलही न घालता दवाखान्याबाहेर गेला. बायको मागे राहिली. तिने त्याच्या चपला उचलल्या आणि जाताना कंपाउंडरला हळूच विचारलं की असं जोडून देणारा दुसरा डॉक्टर जवळपास आहे का.

चपलांच्या गोष्टीवर हसू आणखी वाढलं. साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काय नागपूर, तुम्हाला नाही आलं हसू?"

मला हसू येणं शक्य नव्हतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला माहीत असतं. दलममधल्या पुरुषाला लग्न करायचं असेल तर वरची परवानगी लागते आणि परवानगीच्या आधी त्याची नस कापतात. जंगलात चालणाऱ्या तुकडीत बाळ नको. बाळ रडलं की सगळ्यांचा ठावठिकाणा कळतो आणि कडेवर मूल असलेली बाई बंदूक उचलत नाही. माझ्या भावाने एकदा आईला कोणाच्या तरी तोंडी निरोप पाठवला होता, माझं लग्न झालं, पण तू नातवाची वाट पाहू नकोस. आईने निरोप्याला जेवायला वाढलं.

भावाचं मी काही बोललो नाही. पण बाकीचं सांगितलं. का सांगितलं? नोकरी होती म्हणून, हे खरं. आणि इतकी वर्षं ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याच्या कधी नव्हे ते उपयोगी पडतोय, याचं समाधान होतं, हेही तितकंच खरं. माझं बोलणं संपलं तेव्हा कोणी हसत नव्हतं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि कंपाउंडरला घेऊन यायला सांगितलं.

केसपेपरवर पत्ता होताच. औद्योगिक वसाहतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ, सगळे परराज्यातले, परजिल्ह्यातले कामगार. भाडेकरूंची पडताळणी आहे असं सांगून आम्ही साध्या वेशात गेलो. नवरा-बायको दोघेही काही महिन्यांपासून एका कारखान्यात खोकी बांधायला जात आणि चाळीजवळच्या खानावळीत जेवत. खानावळवाल्या मावशींना मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लय गरीब जोडा हाय," मावशी म्हणाल्या. "जेवला का सोताचं ताट सोता धुतो. म्या म्हनलं, आरं बाबा, धुवायला बाई हाय ना. ऐकत नाय. आन् तुमी कशापायी चौकशी करता? त्यानी कोनाची सुई बी उचलली आसंल तर मला बेड्या घाला."

ताट स्वतः धुणं ही दलमची शिस्त. मावशींनी त्याची बाजू घेतली आणि नकळत माझ्या हातात पुरावा दिला. असं पोलिसांच्या बाबतीत नेहमी होतं. माणसाविषयी लोक चांगलं बोलतात त्यातूनच तो सापडतो.

खोली पाहिली. सामान एका गाठोड्यात आणि एका पाठीवरच्या पिशवीत, दाराजवळ, उचललं की निघता येईल असं. भिंतीला एक खिळा नव्हता. माणूस कितीही गरीब असो, नव्या खोलीत गेला की पहिल्या दिवशी खिळा ठोकतो, शर्ट टांगतो. या दोघांनी इतक्या महिन्यांत खिळा ठोकला नव्हता. मात्र बाहेर उंबऱ्याशी रंगाच्या रिकाम्या डब्यात एक भोपळ्याचा वेल लावलेला होता, सुतळीने पत्र्यावर चढवलेला. आमच्याकडे असाच भोपळा वाळवून त्यात पाणी नेतात. खिळा नाही आणि वेल आहे, हे पाहून मला कळलं की या घरात दोन मतं आहेत. एक जण पळायच्या तयारीत आहे आणि एकाला इथे राहायचं आहे.

कामावरून परतल्यावर दोघांना ठाण्यात आणलं. पळाले नाहीत, झटापट नाही. तिला महिला पोलिसांकडे बसवलं, त्याला साहेबांसमोर. साहेबांनी विचारायचं ते सगळं विचारलं. नाव काय, गाव कोणतं, कोणत्या दलममध्ये होतास, हत्यार कुठे आहे, इथे कोणी पाठवलं. तो भिंतीकडे बघत बसला. साहेबांनी आवाज चढवला, कायद्याची कलमं सांगितली, किती वर्षं आत जाशील ते सांगितलं. त्याच्या डोळ्याची पापणी हलली नाही. मारहाण कोणी केली नाही, हे मी साहेबांच्या बाजूने सांगतो. आणि केली असती तरी तो बोलला नसता. भीती त्याने फार आधी खर्चून टाकली होती.

मग साहेब खुर्चीत मागे रेलले आणि जमादाराकडे बघत म्हणाले, "बरं, ते राहू दे. नस कोणी कापली तेवढं तरी सांग."

जमादार हसला. त्या माणसाची मान खाली गेली. इतका वेळ ताठ असलेली पाठ वाकली, दोन्ही हात मांडीत आले, जसे बसलेल्या माणसाचे अंगावर कपडा नसताना येतात. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला ते बघवलं नाही, आणि त्याच क्षणी हेही कळलं की हा माणूस आता बोलेल. मी साहेबांना म्हटलं, मला थोडा वेळ द्या, याची बोली मला येते. साहेब जमादाराला घेऊन बाहेर गेले. दाराशी एक शिपाई राहिला, त्याला ती बोली येत नव्हती.

मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि गोंडीत सांगितलं, माझा मोठा भाऊ तुमच्याकडेच आहे. त्याचीही नस कापली आहे. माझी आई सांगते की तो मिरची तोडायला गेला आहे.

त्याने वर पाहिलं. मग विचारलं, "अजून तसंच सांगते?"

मी म्हटलं, "अजून."

त्यानंतर तो बोलला. लग्नासाठी नस कापून घेतली तेव्हा त्याला अभिमान वाटला होता. दुसऱ्यांनी लढाईसाठी घर सोडलं, मी पुढचं घरही सोडलं, असं तो मनात म्हणायचा. पुढे एका गावात मुक्काम असताना एका बाईने स्वयंपाकाला हात मोकळे हवेत म्हणून आपलं तान्हं मूल त्याच्या बायकोच्या मांडीवर ठेवलं. निघायची वेळ झाली तरी ती उठेना. त्या दिवसापासून ती पहिल्यासारखी चालली नाही. दोघांनी बंदुका एका झाडाला टांगल्या, चोरल्या असं कोणी म्हणू नये म्हणून, आणि निघाले. सरकारकडे शरण गेले नाहीत, कारण शरण गेलेल्याच्या घरच्यांना दादा लोक सोडत नाहीत. नाशिक त्यांना कोणीतरी लांबचं गाव म्हणून सांगितलं होतं. मलाही तसंच सांगितलं होतं.

त्याने लपवलं काही नाही. रस्त्यात सुरुंग लावून पोलिसांची गाडी उडवली, त्या जागी तो पहाऱ्यावर उभा होता. ती गाडी मला माहीत होती. तिच्यात माझ्या भरतीच्या तुकडीतला एक जण होता, आम्ही एका ताटात जेवलो होतो. मी उठून पाणी प्यायलो आणि त्यालाही दिलं. वाचकांपैकी कोणाला वाटेल, पाणी का दिलं. मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

शेवटी त्याने एकच मागितलं. "आम्ही आपणहून आलो असं लिहिता येईल का?"

यात सगळं होतं. आपणहून आला तर तो शरणागत. सरकार पुनर्वसन करतं, नस जोडायचं ऑपरेशनसुद्धा करून देतं. पकडला गेला तर आरोपी, खटला, आणि तो संपेपर्यंत किती वर्षं जातील ते देव जाणे. त्याच्या बायकोचं वय तिशीच्या पुढे गेलं होतं. तो स्वतःसाठी मागत नव्हता, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

मी जन्मात कधी साहेबांसमोर आपलं मत मांडलं नव्हतं. त्या दिवशी मांडलं. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं बरोबर असेल हो. पण दवाखान्यातून पत्ता काढून, खोलीवर जाऊन उचललेला माणूस आपणहून आला, हे मी कसं लिहू?" त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांनी वर फोन लावला. वरून आदेश आला की तिकडचं पथक येईल, ताबा द्या. तिच्यावर गुन्हा नव्हता, तिची शरणागती धरली गेली. त्याची अटक दाखवली. तो सगळं खरं बोलला होता आणि त्याच्या खऱ्या बोलण्याचाच जबाब झाला. तो जबाब मीच मराठीत सांगितला, कारण दुसऱ्या कोणाला ती बोली येत नव्हती.

पथकाची गाडी आली. तिला आधी बसवलं. तिने मला खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, वेलाला पाणी कोण घालेल. मी म्हटलं, मी नेतो माझ्या घरी. तिने माझा फोन नंबर विचारला. लिहून घेतला नाही, दोनदा ऐकला. जंगलात राहिलेली माणसं लिहून ठेवत नाहीत.

त्याला गाडीत चढवताना तो थांबला. माझ्याकडे वळून आमच्या बोलीत म्हणाला, "भावाचं नाव सांग. मला माहीत असेल."

माझ्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला जमादार, मागे सगळं ठाणं. नाव कुठल्याही बोलीत नावच राहतं, आणि आडनाव माझंच. सगळ्यांना कळलं असतं. माझी आई इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होती ते माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मी जमिनीकडे पाहिलं. गाडीचं दार लागलं.

"काय म्हणत होता रे नागपूर?" जमादाराने विचारलं.

मी म्हटलं, "पाणी मागत होता."

पुढे आमच्या ठाण्याचा सत्कार झाला. मलाही प्रशस्तिपत्र मिळालं, ते बायकोने काचेत लावलं. त्या कार्यक्रमात साहेबांनी तपास कसा लागला ते रंगवून सांगितलं. घराला आधीच कुलूप, ही जमादाराची कोटी त्यांनी सांगितली, चपलांची गोष्टही सांगितली. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. मी उभा राहून सगळ्यांना नमस्कार केला.

वेल मी घरी आणला होता. त्याला भोपळे धरले, बी धरून ठेवलं, दरवर्षी लावत गेलो. बायको म्हणायची, एवढ्या भोपळ्याची भाजी कोण खाणार. शेजाऱ्यांना वाटून टाकायचो.

निवृत्तीनंतर, आता अलीकडे, एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. "दादा, वेल आहे का?" मी म्हटलं, आहे, फुलं आली आहेत. मागून पुरुषाचा आवाज आला, कोण बोलतंय म्हणून, तेव्हा कळलं की तो सुटला आहे. ऑपरेशन झालं का, मूल झालं का, हे माझ्या ओठांवर आलं. विचारलं नाही. तो प्रश्न आम्ही ठाण्यात एकदा हसत हसत विचारून झाला होता. पुन्हा विचारायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता. ती आपणहून सांगेल तर ऐकीन, असं ठरवलं. तिने सांगितलं नाही.

मग फोन त्याने घेतला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला, "नाव राहिलं होतं."

मी ओसरीवर उभा होतो. बायको कणीक मळत होती. माझा भाऊ मिरची तोडायला गेला, एवढंच तिलाही माहीत होतं. मी भावाचं पूर्ण नाव घेतलं, गावासकट, मोठ्याने. परातीचा आवाज थांबला.

पलीकडून त्याने विचारलं, "आई आहे?"

"आहे."

"अजून तसंच सांगते?"

"हो."

तो म्हणाला, "मग सांगू द्या तिला. मिरचीचा हंगाम लांबला म्हणावं."

भाऊ कुठे पडला, कधी, कोणाच्या गोळीने, यातलं काहीच मी विचारलं नाही. त्या दिवशी गाडीजवळ नाव घेतलं असतं तरी उत्तर हेच मिळालं असतं की तेव्हा वेगळं असतं, तेही मला माहीत नाही.

नोकरीत शिकवतात की आरोपीची भीती ओळखा. भ्यालेला माणूस काहीही कबूल करतो, त्यावर विसंबू नये, हे मी अनुभवाने शिकलो. लाजलेला माणूस मात्र खरं बोलतो, आणि म्हणून त्याला जपून विचारावं. आम्ही जपलं नाही.

दर रविवारी मी आईला फोन लावतो. तिला आता कमी ऐकू येतं. नाशकात पाऊस आहे का, सून बरी आहे का, एवढं विचारते. फोन ठेवायच्या आधी ती जरा थांबते, आणि मला वाटतं, आज विचारणार. मी घाईघाईने फोन ठेवून देतो. बायको म्हणते, अहो, आईला काय एवढं भ्यायचं. ती भीती नाही, हे मला त्या खोलीत, त्या माणसाची मान खाली जाताना कळलेलं आहे.